काळी तीन, कणभर उतरती

१

तुम्हीच सांगा, भरवसा कुणावर ठेवावा? गाणाऱ्याच्या गळ्यावर, का समोर पेटी घेऊन बसलेल्या माणसाच्या कानावर? हा प्रश्न जालन्यात अप्पारावांना विचारला की ते आधी हसायचे. मग गल्ल्याशेजारची लांब, लाल कापडाची वही उचलून म्हणायचे, "दोघांवर बी नगा ठेवू. इथं काय लिहिलंय ते बघा."

अप्पाराव मूळचे भोकरदनकडच्या धावड्याचे. शिक्षण सातवी. जालन्यात आले ते बियाण्यांच्या दुकानात हमाली करायला. तिथं बारा वर्षांत एक गोष्ट शिकले: बी हातात घेऊन कुणाला काही कळत नाही. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून टाकायचे, सातव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं, आणि आकडा जसा असेल तसा लिहायचा. पुढं कुणीतरी मोडकी पेटी दुकानात ठेवून गेला, परत आलाच नाही. अप्पारावांनी ती पेचकसानं उघडली, आतल्या पितळी पात्या बघितल्या, आणि बियाणं सुटलं. आता बावीस वर्षं झाली, बियाण्यांच्या दुकानांच्या रांगेच्या टोकाला त्यांचं पेट्यांचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती, आणि तिसरा धंदा म्हणजे आवाज तपासून देणं. तो फुकट.

भजनी मंडळवाले, शाळेचे गुरुजी, ऑर्केस्ट्रावाले, सगळे येतात. अप्पाराव पेटी पुढं ओढतात, गायला लावतात आणि वहीत एकेकाला एकेक पान देतात. नाव, गाव, पट्टी, वर कुठपर्यंत, खाली कुठपर्यंत, एका श्वासात किती मात्रा. मग दोन ओळी: 'शोभेल' आणि 'शोभणार नाही'.

कुंभार पिंपळगावच्या सर्जेरावांचा किस्सा ते नेहमी सांगतात. आवाज असा की शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक जावी. त्यांच्या पानावर लिहिलं होतं, 'शोभणार नाही: गौळण.' सर्जेराव चिडले, मुद्दाम सप्ताहात गौळण गायले. देवळामागं बांधलेल्या म्हशीनं दावं तोडलं, ती थेट मांडवात. दुसऱ्या दिवशी सर्जेराव नारळ घेऊन दुकानात हजर. "अप्पाराव, वही खरी हाय राव तुमची!"

बियाण्यांच्या दुकानातली आणखी एक सवय त्यांना लागलेली होती. एकाच लॉटची दुसरी गोणी आली की सगळा मजकूर पुन्हा लिहायचा नाही. खाली एक शब्द टाकायचा, 'सदरप्रमाणे'. म्हणजे वरचं सगळं हिलाही लागू.

आवाजाच्या वहीत मात्र हा शब्द बावीस वर्षांत कधी आला नव्हता. कसा येणार? दोन आवाज सारखे नसतातच. त्यांनी तो एकदाच लिहिला. यंदाच्या मार्चमध्ये, पायलच्या नावापुढं.

२

पायल आष्टीची. जयंतीच्या गाण्यांनी नाव झालं, मग हळदीच्या गाण्यांनी. तिचं एक हळदीचं गाणं मोबाईलवर इतकं चाललं की परतूरपासून जालन्यापर्यंत नवरीच्या मांडवात तेच वाजायचं. घर तिच्या गळ्यावर चालायचं. आई उषाबाई आणि ती, दोघीच. लग्नसराईत महिन्याला पंधरा-पंधरा कार्यक्रम.

तिचं पान सात वर्षांपूर्वीचं. 'काळी पाच. वर मोकळी, खाली पोकळ. शोभेल: जिथं ढोल आहे ते सगळं. शोभणार नाही: संथ काहीही.'

ते पान पायलला पाठ होतं. त्यावरून ती अप्पारावांना चिडवायची. त्या दिवशी दुपारी मात्र ती आली ती चिडवायला नाही. सोबत रामप्रसाद होते. डाळीचे व्यापारी, दरवर्षी सकाळची संगीत सभा भरवतात.

"अप्पाराव," रामप्रसाद बसता बसता म्हणाले, "सभेला माणूस येईना. मागच्या साली चाळीस डोकी होती, त्यात दहा तबलजीच्या सासुरवाडीची. ह्या साली पायलबाईचं नाव टाकून राह्यलो. लोक तिला बघायला येतील, ख्याल ऐकून जातील."

"ख्याल?" अप्पाराव म्हणाले. "शेठ, एखादं भजन द्या तिला. नाट्यगीत द्या. ढोलाचा आवाज हाय तो."

"न्हाई काका, ख्यालच," पायल म्हणाली. "दोन सालापूर्वी मी त्या सभेला ऐकायला गेल्ते. नुस्ती ऐकायला. निवेदन करणारा म्हणला, ताई, चपला बाहेर काढा, हे ऑर्केस्ट्राचं स्टेज न्हाई. मी चपला घातल्याच नव्हत्या, काका."

अप्पारावांनी पेटी ओढली.

भैरवाची एक बंदिश त्यांच्याकडं लिहिलेली होती. 'किवाड मोरा कौन खोले, भोर भई.' पहाट झाली, माझं दार कोण उघडणार, असे शब्द. ही गिरिजाबाईंची. गिरिजाबाई जालन्यात गाणं शिकवायच्या. चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेल्या. आयुष्यात रेकॉर्डिंग करू दिलं नाही. ही बंदिश त्यांनी अप्पारावांना एकदा तोंडी सांगितली होती आणि अप्पारावांनी कागदावर उतरवून घेतली होती, तेवढीच.

काळी पाचात पायल गायली. सूर लागला, पण तो मांडवातला सूर. टोचत होता. अप्पाराव एकेक पट्टी खाली आले. पांढरी सहा. काळी चार. पांढरी पाच. काळी तीन. इथं त्यांचा हात थांबला. जिथं ही पोरगी पोकळ व्हायची तिथं आवाज भरला होता. फक्त पेटीशी घासत होता. दोन सूर अगदी जवळ आले की मधे जी थरथर उठते, ती उठत होती. पायल पट्टीपेक्षा कणभर खाली होती.

कणभर खाली. अप्पारावांनी वर फळीकडं बघितलं.

तिथं गिरिजाबाईंची पेटी होती. बाईंचा आवाज कुठल्याच पट्टीत बसायचा नाही. काळी तीनच्या कणभर खाली. म्हणून अप्पारावांनी त्यांच्यासाठी एका पेटीची एकेक पाती कानशीनं घासून उतरवली होती. बाई गेल्यावर पेटी परत आली. ती कुणाला चालणार? जगातल्या दुसऱ्या कुठल्याच पेटीशी ती जुळत नव्हती.

त्यांनी ती खाली घेतली, धूळ पुसली. पायल गायली आणि थरथर बंद झाली. कपाटाचा खण घट्ट बसावा तसा आवाज पेटीत बसला.

रामप्रसादांनी अंगावरचा काटा हातानं पुसला.

अप्पारावांनी सगळं मोजलं. वरची हद्द, खालची हद्द, एका श्वासात बत्तीस मात्रा. वही उघडून गिरिजाबाईंचं पान काढलं, ताडून बघायला. एकूण एक आकडा तोच. पानाखाली दोन बोटं जागा होती. आनंदात होते, घाईत होते. त्यांनी लिहिलं, 'पायल, आष्टी: सदरप्रमाणे.'

३

रियाज दुकानाच्या मागच्या खोलीत, दुपारी; पलीकडं घर. खोलीला खिडकी एकच, ती गल्लीत उघडणारी; बाहेर बियाण्याच्या गोण्या उतरल्याचा धप्प धप्प आवाज. पायल भराभर शिकत होती. अप्पारावांनी गिरिजाबाईंचं नाव सांगून कागद तिच्या हातात दिला होता. चाल पेटीवर वाजवून दाखवायचे.

चौथ्या दिवशी त्यांना ते ऐकू आलं.

'किवाड' ह्या शब्दात श्वास घ्यायला जागाच नाही. तीन अक्षरं. पण पायल 'किवा' म्हणायची, बारीकसा श्वास ओढायची, आणि मग 'ड'. हं, असा, दाराच्या फटीतून वारा आत यावा तसा.

गिरिजाबाई असाच घ्यायच्या. त्यांचं एक फुप्फुस कामातून गेलेलं होतं. शिष्यांनाच नव्हे, गल्लीलासुद्धा तो श्वास माहीत होता. पण पायलनं बाईंना उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"तिथं का थांबली?" अप्पारावांनी विचारलं.

"कुठं?"

"किवाडमधी."

"न्हाई थांबले, काका. एका दमात म्हणले मी."

अप्पारावांनी कागद उजेडात धरला. लिहिताना आपण अक्षरांत फट ठेवली असेल. नव्हती. मग वाटलं, आपणच वाजवताना तिथं भाता सोडत असू आणि पोरगी ते उचलत असेल. पटण्यासारखं होतं. रात्री जेवताना त्यांनी बायकोला, कांताबाईंना, ओळ म्हणून दाखवली. "मी कुठं दम घेतो, बघ बरं."

"तुम्ही गायला लागल्यावर दम मला घ्यावा लागतो," कांताबाई म्हणाल्या. मग नीट ऐकून म्हणाल्या, "कुठंच न्हाई घेत."

दुसऱ्या दिवशी रियाज चालू असताना कांताबाई आतून चहा घेऊन आल्या. पायलच्या हातात कप दिला. पायलनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, साखर विसरल्या व्हय?"

कांताबाई कपाकडं बघत राहिल्या. ह्या घरात बिनसाखरेचा चहा एकाच माणसासाठी व्हायचा, चार वर्षांपूर्वीपर्यंत. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, पदर सारखा केला.

"आतून ऐकलं तर मला वाटलं..." त्या म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या. बराच वेळ आतून चमचा ढवळल्याचा आवाज येत होता.

४

अप्पाराव व्यापारी माणूस. एक दाणा उगवला नाही म्हणून ते गोणी परत पाठवत नाहीत. आवाजाला पट्टी सापडली, पट्टीला बंदिश. तसल्या आवाजाला तसा श्वास येत असेल. छातीची घडण सारखी असेल. असं ते स्वतःला समजावत होते. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंदही होता. ऑर्केस्ट्रातल्या पोरीच्या गळ्यात ख्याल आहे, हे अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्या कानानं शोधलं होतं.

सभेला आठ दिवस राहिले असताना पायल उशिरा आली. बसली, पण कागद काढला नाही.

"काल परतूरला हळद होती," ती म्हणाली. "माझं गाणं वर जाईना, काका. माझंच गाणं. ऑर्केस्ट्राच्या मालकानं ट्रॅक दोन पट्ट्या खाली घेतला तरी बी न्हाई. नवरीची मावशी म्हणली, ही ती न्हाईच, दुसरीच आणून बसवली."

"घसा बसला असंल."

"बसला असता तर ख्याल कसा निघून राह्यला?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. पायलनं स्पीकर लावला.

"हां, बोल मम्मी."

"कोण?" पलीकडून उषाबाईंचा आवाज आला.

"मी बोलून राह्यले. पायल."

"पायलला द्या जरा, बाई."

"मम्मे, मीच हाय की! चेष्टा करती का?"

पलीकडं पाठीमागं कुठंतरी कोंबड्या. मग उषाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही जे कोण असाल ते. माझ्या लेकीच्या फोनवरून अशी मजाक नका करू." आणि फोन बंद झाला.

पायल हसली. हसताना तिचं हसू तिचंच होतं, हे अप्पारावांनी मुद्दाम ऐकलं. ते सुटकेनं मागं टेकले.

"पायल, हे थांबवू," ते म्हणाले. "मी रामप्रसादला सांगतो. एखादं भजन गा, काळी पाचात."

"पत्रिका छापून झाली."

"छापू दे. तुझा गळा हाय तो. उद्या हळदीला कोण बोलावंल?"

पायलनं मान खाली घातली. "काका, सात साल झाले, मी गाते आन् लोक जेवतात. कधी कुणी ताट खाली ठेवलं न्हाई. ह्या खोलीत मी गायले तर गोण्या उतरवणारे हमाल खिडकीत येऊन उभे राहून राह्यले. एक डाव गाऊ द्या. मंग सोडते. बिलकुल सोडते."

अप्पारावांनी गिरिजाबाईंची पेटी पेटाऱ्यात घातली, कुलूप लावलं, आणि दुकानातली नवी कोरी पेटी काढली. "मंग हिच्यावर गायचं. शुद्ध काळी तीन. कणभर बी खाली न्हाई."

पायलनं सा लावला. थरथर उठली. अप्पारावांनी सूर धरून ठेवला, लहान पोराचं बोट धरून वर ओढावं तसा. "वर ये. थोडी वर ये, पोरी." पायलनं डोळे मिटले, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज जागचा हलला नाही. तिथंच, कणभर खाली, शांत उभा.

५

सभा रविवारी, सकाळी सात वाजता. हॉलमध्ये चारशे खुर्च्या आणि भिंतीला लागून उभे लोक. आष्टीचे आले होते, परतूरचे आले होते. उषाबाई दुसऱ्या रांगेत, नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पुढच्या सोफ्यांवर शहरातले जाणकार, हाताची घडी घालून.

अप्पाराव नवी पेटी घेऊन पायलच्या डाव्या हाताला बसले. तंबोऱ्याचं यंत्र त्यांनी स्वतः काळी तीनवर लावलं, दोनदा तपासलं. पायल पांढऱ्या साडीत होती. माईक तिच्या तोंडासमोर इतका जवळ की समोरच्यांना तिचे फक्त डोळे दिसत असावेत.

तिनं सा लावला आणि थरथर उठली. सोफ्यावर कुणीतरी खोकलं. एकजण शेजाऱ्याच्या कानाशी लागला. अप्पारावांना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. पडू दे आज. बेसूर झाली तर सुटेल, जाईल परत हळदीच्या मांडवात.

मग थरथर कमी कमी होत गेली आणि बंद पडली.

पायल वर आली, असं त्यांना वाटलं. पण आवाज तोच होता, तिथंच. त्यांनी काळी तीन दाबलेली होती, बोटाखाली नव्या पट्टीचा गुळगुळीतपणा लागत होता, आणि नवी पेटी कणभर खाली बोलत होती. तंबोऱ्याचं यंत्रही खाली बोलत होतं. त्याच्या आकड्यांच्या काचेवर अजून काळी तीनच दिसत होती.

"किवाड मोरा कौन खोले..."

खुर्च्या करकरायच्या थांबल्या. सोफ्यावरच्या हातांच्या घड्या सुटल्या. अप्पाराव सवयीनं मात्रा मोजत होते. सोळा. बत्तीस. आता श्वास घ्यायला हवा. अठ्ठेचाळीस. चौसष्ट. तिनं श्वास घेतला नव्हता. पाचवं आवर्तन गेलं, सहावं गेलं. समेवर टाळ्या पडल्या, त्या टाळ्यांतही आवाज तुटला नाही. फक्त 'किवा' आणि 'ड' ह्यांच्या मधे तो बारीक वारा आत जायचा, आणि पुन्हा पुढं.

तो वारा पायलच्या बाजूनं येत नव्हता. हे कळायला त्यांना चार आवर्तनं लागली. तो त्यांच्या मांडीसमोरून येत होता.

अप्पारावांनी डावा हात भात्यावरून काढला. हळूच, कुणाला दिसू नये असा. भाता मिटला आणि मिटलेला राहिला. पेटी थांबली. तबला आणि आवाज चालू होते.

"किवा..."

भाता उघडला. आपोआप, तीन बोटं, आत वारा ओढत. हं. घडीच्या कापडावरची नवी खळ कुरकुरली. मग तो मिटू लागला, सावकाश, आणि "ड मोरा कौन खोले" पुढं गेलं.

अप्पारावांनी वर बघितलं. पायल त्यांच्याकडं वळलेली होती. तिचे ओठ मिटलेले होते. नुसते मिटलेले नव्हते, दातांखाली दाबून धरलेले होते, पांढरे पडेपर्यंत. माईकच्या आड हे फक्त त्यांनाच दिसत होतं. आवाज भोर भई, भोर भई करत हॉलभर फिरत होता, आणि पायल भात्याकडं बघत होती.

दुसऱ्या रांगेत उषाबाई उठून उभ्या राहिल्या. इकडं तिकडं बघत होत्या. शेजारणीला काहीतरी विचारत होत्या. त्यांच्या ओठांवरून अप्पारावांना कळलं, त्या काय विचारत होत्या: माझी पायल कधी येणार स्टेजवर?

६

पेपरात बातमी आली, फोटोसकट. रामप्रसाद पेढे घेऊन आले. "अप्पाराव, औरंगाबादहून विचारून राह्यले, नांदेडहून विचारून राह्यले. पुढच्या महिन्यात चार सभा. बराबर जोडी लावली तुम्ही, मानलं." अप्पारावांनी पेढा घेतला आणि हातातच ठेवला. त्या दोन दिवसांत त्यांनी नवी पेटी खिळानखिळा सुटी केली होती. एकेक पाती तपासली. काळी तीन, शुद्ध. कणभरही खाली नाही. भात्यात भोक नाही, आतली स्प्रिंग ढिली नाही. तबलजीला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही मधी वाजवायचं सोडलं कधी? मला तर पूर्ण वेळ पेटी ऐकू आली."

तर मग आपलेच डोळे. वय झालं. सकाळी काही खाल्लं नव्हतं. असंही होतं.

पायल तिसऱ्या दिवशी आली. भर दुपार, गल्लीत गोण्या उतरत होत्या. ती खुर्चीवर न बसता खाली पेटीसमोर बसली.

"काका, पट्टी बघा माझी."

आवाज खालचा होता, भरलेला. अप्पारावांनी पेटी ओढली. काळी पाच दाबली. "तुझं हळदीचं गाणं म्हण. पहिली ओळ."

पायल गायली. पहिला शब्द वर गेला, टोचला, ढोल मागत गेला. तो तिचा होता. अप्पारावांचे डोळे भरून आले. दुसरा शब्द तिचा नव्हता. तिसरा अर्धा होता. चौथ्यापर्यंत ती कणभर उतरलेल्या जागी जाऊन शांत उभी राहिली होती.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

"तुला कसं वाटलं?"

"मला तर बराबर वाटलं. पहिल्यासारखं." ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. "काल घरी बी गायले. मला बराबर वाटलं आन् मम्मी उठून बाहेर गेली. मला फरक कळंना गेला, काका. हा पण माझा वाटतो, तो पण माझाच वाटतो."

अप्पारावांनी वही ओढली. गिरिजाबाईंचं पान काढलं, खालची ती ओळ पेनानं खोडली, कागद फाटेपर्यंत खोडली. कोरं पान उघडलं. वर लिहिलं, 'पायल, आष्टी.' ह्या पोरीला काहीतरी धरायला पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. एक चांगला आकडा लिहिला तर कदाचित गळाही तिकडं वळेल. एका शब्दानं इकडं आणलं, तर दुसऱ्या शब्दानं परत नेता येईल. त्यांनी लिहायला सुरुवात केली, 'काळी पा'

पायलनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता आणि घट्ट होता.

"ते न्हाई ऐकलं तुम्ही," ती म्हणाली.

"पोरी, मी तुझ्या भल्यासाठी..."

"मला म्हाईत हाय. पण मंग मला कोण सांगल? मम्मी घाबरती. लोकांना तर हाच आवाज पाहिजे, ते कशाला सांगतात? दोन्ही आवाज ऐकलेला माणूस तुम्ही एकटेच हाय." तिनं त्यांचा पेन उचलून पुन्हा त्यांच्याच बोटांत सरळ धरून दिला. "मी रोज येत जाईन. तीच ओळ म्हणीन. किती शब्द माझे, किती त्या बाईंचे, ते मोजा आन् लिहा. आज एक असंल तर एक लिहा. उद्या अर्धा असंल तर अर्धा लिहा. ज्या दिवशी काहीच न्हाई, त्या दिवशी तसंच लिहा, आन् ते पान माझ्या आईला द्या."

बाहेर गोणी पडली, धप्प.

"दया नका करू, काका. हिशोब मात्र खरा ठेवा."